होपवेल फर्नेस: लोखंडाची जुनी भट्टी सहकुटुंब कशी पाहावी

फिलाडेल्फियापासून साधारण ५० मैलांवर, पेनसिल्व्हेनियातल्या एल्व्हरसन गावाजवळच्या जंगलात होपवेल फर्नेस आहे. १७७१ मध्ये मार्क बर्ड या मालकाने इथे लाकडी कोळशावर चालणारी भट्टी उभारली आणि १८८३ पर्यंत ती चालली. भट्टीभोवती वसलेलं अख्खं गाव आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेलं आहे. कोळशाचं कोठार, पाणचक्की, ओतशाळा, दुकान, मालकाचं मोठं घर, लोहाराचा भाता, कामगारांची घरं असं सगळं एका फेरीत पाहता येतं. प्रवेश फुकट आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांना हे ठिकाण एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, आणि उन्हाळ्यात भारतातून आईवडील आलेले असतील तर न्यूयॉर्कच्या गर्दीपेक्षा त्यांना ते जास्त मानवेल.

तरीही बरेच लोक इथून निराश होऊन परततात. गाडी लावायची, उतारावरून सरळ मोठ्या घराकडे जायचं, खिडकीतून डोकवायचं, फोटो काढायचे, की पाऊण तासात सगळं ‘बघून’ होतं आणि मुलं कंटाळतात. कारण भट्टी कशी चालायची हे कळलं नसेल तर ती नुसती दगडांची रास दिसते. यावर उपाय एकच: ज्या क्रमाने माल भट्टीत जात होता त्याच क्रमाने चालायचं. आधी कोळसा, मग भट्टीचं तोंड, मग वारा, मग वितळलेलं लोखंड आणि सगळ्यात शेवटी माणसांची घरं. पुढचा सगळा बेत याच क्रमावर बांधला आहे.

निघण्याआधी

पहिली चूक पत्त्यात होते. न्यू जर्सीतही होपवेल नावाचं गाव आहे. फोनमध्ये नुसतं ‘होपवेल’ टाकलं तर तो तिकडे नेतो. ‘होपवेल फर्नेस नॅशनल हिस्टॉरिक साइट’ असं पूर्ण नाव टाका, नाहीतर २, मार्क बर्ड लेन, एल्व्हरसन, पिनकोड १९५२० हा पत्ता टाका. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकने आलात तर मॉर्गनटाउनला उतरा. तिथून रस्ता क्रमांक २३ ने पूर्वेकडे आणि मग ३४५ ने उत्तरेकडे जायचं. टर्नपाइकपासून हे अंतर दहा मैल भरतं. टर्नपाइकला टोल आहे. एडिसनच्या बाजूने येणाऱ्यांनी दोन तास धरावेत. बस किंवा रेल्वे दारापर्यंत येत नाही, त्यामुळे गाडी लागतेच. शेवटचा टप्पा जंगलातून जातो, म्हणून नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्या.

दुसरी गोष्ट वार आणि वेळ. ऋतूप्रमाणे उघडण्याचे दिवस बदलतात, थंडीत काही दिवस बंद असतं. आदल्या रात्री राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर होपवेलच्या पानावर जाऊन त्या आठवड्याचे दिवस आणि कार्यक्रम दोन्ही पाहा. जुन्या वेशातले लोक काम करून दाखवतात, साच्यात धातू ओतून दाखवतात, कोळशाची रास रचून पेटवतात, हे सगळं मुख्यतः उन्हाळ्यात आणि ठरलेल्या दिवशीच असतं. मुलं शाळकरी वयाची असतील तर अशाच दिवशी जा, त्यासाठी आठवडाभर थांबावं लागलं तरी चालेल. एक स्पष्ट असू द्या की मोठी भट्टी आता पेटवत नाहीत. प्रात्यक्षिक लहान प्रमाणावरचं असतं.

महिन्यांचं म्हणाल तर मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये कार्यक्रम जास्त असतात, पण ऊन आणि दमट हवा ज्येष्ठांना थकवते. त्या दिवसांत सकाळी उघडताच पोहोचा आणि दुपारी एकच्या आत गावाची फेरी उरका.

खाण्यापिण्याचं सगळं घरून न्यावं लागतं. आत उपाहारगृह नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, दहीभात असं न सांडणारं, गार खाता येणारं काही बांधून घ्या. माणशी निदान एक लिटर पाणी, उन्हाळ्यात दीड. चहाचा थर्मास विसरू नका, जवळपास कुठे मिळणार नाही.

कपड्यांबाबत थोडं कडक राहा, कारण हा सगळा भाग गोचिडांचा आहे आणि त्या चावल्यामुळे होणारा लाइम आजार पेनसिल्व्हेनियात भरपूर आढळतो. फिक्या रंगाची पूर्ण पँट, पायमोज्यात खोचलेली, आणि बंद बूट. चपला-सँडल नकोत. त्वचेवर लावायला किडे दूर ठेवणारं, २० ते ३० टक्के डीट असलेलं औषध घ्या. परमेथ्रिन हे कीटकनाशक मात्र फक्त कपड्यांवर आणि बुटांवर, तेही आदल्या दिवशी घराबाहेर फवारून वाळवायचं. ते अंगाला लावायचं नसतं. साडी नेसणाऱ्या आजींना त्या दिवशी सलवार-कुडता सोयीचा पडेल. उतारावर खडी आहे आणि गवतातून पदर-निऱ्या सांभाळणं अवघड जातं.

पोहोचल्यावर आधी वरच थांबा

वाहनतळ आणि अभ्यागत केंद्र टेकाडावर आहे, गाव खाली. केंद्रात स्वच्छतागृह, छोटं संग्रहालय आणि माहितीपट आहे. माहितीपट टाळू नका. इथेच नकाशा घ्या, आणि मुलांसाठी ‘ज्युनिअर रेंजर’ची पुस्तिका मागून घ्या. त्यातली कामं मुलं गावात फिरताना करतात आणि परत आल्यावर रेंजरला, म्हणजे इथल्या कर्मचाऱ्याला, दाखवली की बिल्ला मिळतो. पुस्तिका परतताना मागितली तर उपयोग नाही, म्हणून पहिलं काम हेच करा. पेन्सिल घरून आणलेली बरी.

काउंटरवर तीन गोष्टी विचारा: आज पाणचक्की फिरणार आहे का, प्रात्यक्षिक किती वाजता आणि कुठे आहे, आणि कोणती इमारत दुरुस्तीसाठी बंद आहे. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा चाकाची खुर्ची आहे त्यांच्यासाठी खालपर्यंत गाडी नेता येईल का हेही इथेच विचारा. उतरताना काही वाटत नाही. परत चढतानाच दम लागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. बाबागाडी न्यायची तर मोठ्या चाकांची. छोट्या चाकांची गाडी खडीत रुतते.

संग्रहालयात बिडाच्या शेगड्यांच्या नक्षीदार पत्र्यांपाशी नीट थांबा. घर तापवायच्या आणि स्वयंपाकाच्या शेगड्या हेच होपवेलचं नाव झालेलं उत्पादन. १८२० आणि १८३० च्या दशकांत क्लेमंट ब्रूक या चालकाच्या काळात ही भट्टी भरात होती आणि इथल्या शेगड्या दूरदूरच्या शहरांत विकल्या जात. आजीला विचारा, घरच्या बिडाच्या तव्याची खरखर आणि या पत्र्याची खरखर सारखी का असते. दोन्ही वाळूच्या साच्यात ओतलेली असतात. वाळूचे कण पृष्ठभागावर आपला ठसा सोडतात. एवढं मुलांच्या डोक्यात बसलं की खाली ओतशाळेत वाळू दिसताच ती स्वतःच जोडणी करतात.

कोळसा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

खाली उतरताना वाटेत कोळशाची जागा लागते. लोक इथे थांबत नाहीत, पण आमच्या मते होपवेल समजायचं असेल तर इथूनच सुरुवात करावी. लोखंडाचा दगड खाणीतून मिळत होता, चुनखडी जवळपास होती, पाणी ओढ्याचं होतं. कमी पडायचं ते लाकूड. ही भट्टी वर्षाला ५,००० ते ६,००० कॉर्ड लाकूड खात होती. एक कॉर्ड म्हणजे ४ फूट उंच, ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब रचलेला ढीग. त्यासाठी दरवर्षी मोठं जंगल तुटत असे. भोवतालची झाडी आज घनदाट वाटते, पण ती तोडीनंतर पुन्हा वाढलेली आहे.

लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा पाडणारे लोक, सपाट केलेल्या गोल जागेवर, साधारण ३० ते ४० फूट व्यासाच्या, चार-चार फुटी ओंडके उभे रचत. मध्ये धुराड्यासाठी पोकळी ठेवत. वरून पालापाचोळा आणि माती-राखेचा थर देत. मग मधून विस्तव टाकायचा आणि १० ते १४ दिवस लाकूड धुमसू द्यायचं. ते जळता कामा नये. कुठे थर फाटून हवा आत शिरली की ज्वाळा उठायची आणि आठवड्यांची मेहनत राख व्हायची. म्हणून लोणारी रात्रंदिवस शेजारच्या झोपडीत राहायचा, आणि राशीवर चढून, पायांनी दाबत, आत कुठे पोकळ झालंय ते शोधायचा. मातीचा थर वरून शाबूत दिसला तरी खाली विस्तव असायचा. पाय आत गेला तर माणूस भाजायचा. मुलांना हे सांगा, मग नुसतं ते मातीचं वर्तुळसुद्धा ती वेगळ्या नजरेने बघतात.

तयार कोळसा गाड्यांतून यायचा. त्या गाड्यांच्या तळाच्या फळ्या ओढून काढता येत, कारण आत राहिलेला विस्तव वाटेत पेटला तर माल तत्काळ खाली पाडून गाडी वाचवायची असे. त्याच भीतीने आल्या आल्या कोळसा आत भरत नसत. आधी उघड्या छपराखाली निवू देत, मग बंदिस्त कोठारात. भिजू देऊनही चालायचं नाही, ओल्या कोळशाने भट्टीची आंच उतरते. भट्टीलगतचं हे कोठार आणि छप्पर पाहताना त्या दोघांमधली भिंत कुठे आहे, कुठे नाही, हे बघा. कारण लगेच कळेल.

भट्टीचं तोंड

आता भट्टीच्या वरच्या बाजूला या. दगडी भट्टी साधारण तीस फूट उंच आहे आणि ती मुद्दाम टेकाडाला खेटून बांधली आहे. वरच्या जमिनीवरून लाकडी पुलाने सरळ तिच्या तोंडाशी जाता येई, माल उचलून चढवावा लागत नसे. जगातल्या बहुतेक जुन्या भट्ट्या टेकाडालाच टेकलेल्या दिसतात त्या याचमुळे.

दर अर्ध्या तासाने, दिवसरात्र, भरणारा मजूर वरून एक घाणा ओतायचा: साधारण १५ बुशेल कोळसा, म्हणजे घराच्या गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या टाकीत मावेल तेवढा, ४०० ते ५०० पौंड लोखंडाचा दगड आणि ३० ते ४० पौंड चुनखडी. कोळसा जळून तयार होणारा वायू दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. चुनखडी दगडातल्या वाळूसारख्या अशुद्धीशी मिळून मळी बनते. मळी हलकी असल्याने वर तरंगते आणि लोखंड तळाशी साठतं. कोळशातला कार्बन लोखंडात मिसळल्यामुळे ते कमी तापमानाला, साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सियसला, वितळतं. पण त्याच कार्बनमुळे बीड ठिसूळ होतं आणि आपटलं की तडकतं.

मुलांनी विचारलंच तर: एकदा पेटवलेली भट्टी महिनोन्महिने विझू देत नसत. वारा थांबला किंवा कोळसा हलका निघाला तर आतला रस तळाशी गोठून दगडासारखा बसायचा आणि मग आतलं अस्तर फोडूनच तो काढावा लागायचा. १८३६-३७ मध्ये ही भट्टी सलग वर्षाहून जास्त काळ पेटती होती. पाहताना ती शांत आहे म्हणून हे लक्षात येत नाही, पण त्या काळी इथे रात्रीही ज्वाळेचा उजेड आणि आवाज असायचा.

वारा आणि ओतशाळा

खाली उतरून पाणचक्कीपाशी या. २२ फूट व्यासाचं लाकडी चाक, त्याला जोडलेले दांडे आणि दोन मोठी लाकडी पिंपं असा सगळा सांगाडा एकाच छपराखाली आहे. चाक फिरतं तसे पिंपांतले दट्टे आळीपाळीने वर-खाली होतात, म्हणजे वारा खंड न पडता वाहतो. मधल्या पेटीत तो एकत्र होऊन नळीतून भट्टीच्या पोटात शिरतो. चाक चालू असेल तर मुलांना दट्ट्यांकडे बघत उभं करा आणि विचारा, दोन का? एकच असता तर वाऱ्याला धाप लागली असती. हे उत्तर त्यांनाच शोधू द्या. पाणी बर्फ होतं तेव्हा चाक थांबायचं, म्हणून कडक थंडी हा भट्टीचा जुना शत्रू. कठड्याच्या आत हात घालू देऊ नका. चाक सावकाश फिरतं, पण त्याचं वजन मोठं आहे.

शेजारीच ओतशाळा. भट्टीच्या कमानीतून दिवसातून दोनदा लोखंड बाहेर सोडत. काही रस जमिनीवरच्या वाळूच्या चरांत जाऊन कच्च्या लगडी होत, काही पळ्यांनी उचलून साच्यांत ओतत. साचा दोन भागांच्या लाकडी चौकटीत तयार होतो: खालच्या चौकटीत लाकडी नमुना ठेवून ओलसर वाळू ठोकून बसवायची, वरची चौकट ठेवून पुन्हा वाळू, मग उघडून नमुना काढायचा आणि पुन्हा बंद करायचं. वाळू जास्त ओली झाली तर वाफेने वितळलेला धातू उसळतो. कमी ओली झाली तर कडा ढासळतात. प्रात्यक्षिक असेल तेव्हा वाळू मुठीत दाबून, तुटल्यावर कड धारदार राहते का ते कसं पाहतात, हे जवळून बघा. रेंजर सांगेल त्या रेषेच्या मागे मात्र मुलांना धरून ठेवा.

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात याच जागी नौदलासाठी तोफा ओतल्या गेल्या. हेही सांगावं की मार्क बर्ड गुलाम बाळगणारा मालक होता. या गावाच्या श्रमात कृष्णवर्णीयांचा मोठा वाटा आहे, आणि ओतलेले भाग घासून साफ करण्यासारखी कामं बायकाही करत. वयाने मोठ्या मुलांशी याबद्दल जरूर बोला.

परिसरात जमिनीवर काचेसारखे निळे-हिरवे तुकडे दिसतील. ती भट्टीची मळी. फार सुंदर दिसते आणि प्रत्येक मूल खिशात घालतं. उचलून बघा, फोटो काढा आणि होती तिथे ठेवा. राष्ट्रीय स्थळावरून काहीही नेणं कायद्याने मना आहे. खिसे गाडीत बसायच्या आधी तपासा.

उरलेलं गाव

हे पटकन होतं. कार्यालय-दुकानात कामगारांचा पगार वहीत जमा व्हायचा आणि किराणा त्याच वहीत वजा. अनेकांच्या हातात रोकड फारशी यायचीच नाही. मालकाचं घर आणि कामगारांची छोटी घरं एकामागून एक पाहा म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. लोहाराच्या भात्यापाशी कोणी काम करत असेल तर दहा मिनिटं थांबा, नाहीतर पुढे चला. तबेला आणि कुरणात घोडे-मेंढ्या असतात. त्यांना काही खाऊ घालू नका. कुत्रा बरोबर असेल तर पट्टा हवा आणि इमारतींमध्ये तो नेता येत नाही. ड्रोन उडवायला बंदी आहे.

१८५३ मध्ये दगडी कोळशावर चालणारी दुसरी भट्टी इथे बांधून पाहिली, पण ती चालली नाही. तिचे अवशेष नकाशावर खुणेने दाखवलेले आहेत. गरम वारा आणि दगडी कोळसा वापरणाऱ्या मोठ्या कारखान्यांपुढे लाकडी कोळशाची ही भट्टी टिकली नाही. १९३० च्या दशकात बेरोजगार तरुणांच्या सरकारी तुकड्यांनी या भागात काम सुरू केलं, तेव्हा पडझडीचं मोल लक्षात आलं आणि १९३८ मध्ये हे राष्ट्रीय स्थळ झालं.

सगळी फेरी मैलभराच्या आतलीच आहे. सावकाश पाहत अडीच ते तीन तास धरा.

सफरचंदं आणि दुपार

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलात तर गावातल्या बागेत स्वतः तोडून, वजनावर पैसे देऊन सफरचंदं घेता येतात. जुन्या जाती आहेत. बाजारातल्या फळासारखी चकचकीत नसतात, डाग असतात, पण चव असते. आंबट जाती मुरांब्याला आणि चटणीला चांगल्या. वसंतात उशिरा कडाका पडला की मोहोर जळतो आणि त्या वर्षी फळ नसतं, म्हणून बेत सफरचंदांवर ठरवण्याआधी चौकशी करा. पिशव्या घरून न्या.

डबा खायला लगतच्या फ्रेंच क्रीक स्टेट पार्कमध्ये जा. तिथे होपवेल लेक, बाकं आणि झाडांची सावली आहे. मुलांना तिथे मोकळं सोडता येतं. पायवाटांवर तीन-तीन पानांच्या झुडपांना हात लावू देऊ नका. पॉयझन आयव्हीने अंगावर फोड येतात.

विषय आवडला तर पुढच्या वेळी लेबनॉन काउंटीतली कॉर्नवॉल आयर्न फर्नेस पाहा. साधारण तासाभराचा रस्ता. १७४२ मध्ये पीटर ग्रब याने उभारलेली ती भट्टी होपवेलसारखीच १८८३ मध्ये थांबली, पण तिथली इमारत आणि वाफेच्या इंजिनाची यंत्रं जागच्या जागी आहेत. तिकीट लागतं. दोन्ही एकाच दिवशी करू नका, मुलांना दुसरीकडे काहीच दिसत नाही.

घरी आल्यावर

दोन तासांच्या आत सगळ्यांनी अंघोळ करा. कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये जास्त आंचेवर दहा मिनिटं फिरवा, गोचीड कोरड्या उष्णतेने मरते. पाण्यात ती सहज मरत नाही. मग अंग तपासा: कानामागे, केसांच्या मुळांशी, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यामागे. बाळगोचीड खसखशीएवढी असते, त्यामुळे नुसती नजर पुरत नाही, बोटं फिरवून पाहा. सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडेपेटी काही नको. जागा साबणाने धुवा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ३ ते ३० दिवसांत तिथे लाल चकंदळ पसरू लागलं किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावल्याचं पहिल्या वाक्यातच सांगा. आईवडील तोवर भारतात परतले असतील तर त्यांना ही तारीख आणि लाइमचं नाव कागदावर लिहून द्या. तिकडच्या डॉक्टरांना हा आजार सहसा आठवणार नाही.